कोडिंग येत नसताना एआय वापरून ऑफिसचं काम लवकर होतं का? माझा जीएसटीचा अनुभव

तुम्ही विचारलंय की बी.कॉम. झालंय, अकाउंट्सच्या ऑफिसात काम करताय, कोडिंगचा गंध नाही, तर एआयच्या मदतीने रोजचं काम खरंच लवकर उरकतं का आणि सुरुवात कुठून करायची. उरकतं. मी पण कॉमर्सचीच आहे, इचलकरंजीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे नऊ वर्षं काम करतेय आणि गेल्या दोन वर्षांत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा घरीच रात्री बसून शिकलेय. पण नुसतं होतं म्हणून उपयोग नाही, कसं झालं आणि कुठे फसलं ते सांगते, म्हणजे तुमचे काही महिने वाचतील.

आमचे क्लायंट बहुतेक यंत्रमागवाले, सूत व्यापारी आणि काही सायझिंगवाले, म्हणजे सुताला खळ देणारे. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी येतो, म्हणजे आपल्या क्लायंटला ज्यांनी माल विकला त्यांनी रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांची यादी, आणि २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे महिन्याचा कराचा रिटर्न, भरायचा असतो. मधल्या सहा दिवसांत ती यादी आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं परचेस रजिस्टर, म्हणजे खरेदीची नोंद, बिल टू बिल जुळवायचं, त्यात बहुतेक एक रविवार जातो. आणि हे टाळता येत नाही, कारण १ जानेवारी २०२२ पासून कलम १६(२)(एए) लागू आहे, २बी मध्ये बिल आलं नाही तर त्याचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करता येत नाही, चुकून घेऊन वापरलं तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. एवढ्या नाजूक कामासाठी आम्ही काय करायचो तर दोन्हीच्या प्रिंट काढायच्या, एकावर पट्टी ठेवायची, दुसऱ्यावर बोट, आणि सापडलं की हिरव्या पेन्सिलने टिक. एका क्लायंटला दोन-तीन तास. १९ तारखेला रात्री नऊ-नऊ वाजायचे आणि मुलगी आईकडे झोपून गेलेली असायची, त्यामुळे हे काम कमी व्हावं असं मला अगदी मनापासून वाटायचं.

तुम्ही म्हणाल एक्सेलमध्ये व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारा फॉर्म्युला, लावायचं ना. लावलं होतं, निम्मी बिलं जुळायचीच नाहीत. कारण नियम ४६ प्रमाणे बिल नंबर क्रमाने आणि १६ अक्षरांच्या आत असावा आणि त्या आर्थिक वर्षात परत येऊ नये एवढंच बंधन आहे, अक्षरं, आकडे, डॅश, तिरकी रेघ सगळं चालतं आणि एकापेक्षा जास्त सिरीजही, म्हणजे नंबरांच्या वेगळ्या मालिका, ठेवता येतात. मग कोइमतूरच्या मिलने रिटर्नमध्ये "२४-२५/०००४५६" भरलेलं असतं आणि आमच्याकडच्या मुलाने टॅलीत नुसतं "४५६" टाकलेलं असतं. माणसाला ते एकच बिल दिसतं, एक्सेलला दोन वेगळी. वर एक्सेलचा स्वतःचा घोळ वेगळा, "५/१२" असा बिल नंबर टाइप केला की त्याची तारीख करून टाकतो आणि नंबराच्या सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतो.

आता सुरुवात कुठून करायची त्याचं उत्तर. कॉम्प्युटरवरून नको. आमच्या ऑफिसात एक काका आहेत, विक्रीकराच्या काळापासूनचे अकाउंटंट, ते बिल बघून सांगतात ही कुठल्या मिलची सवय. मी त्यांच्या शेजारी बसून एक अख्खा क्लायंट त्यांना जुळवायला सांगितला आणि ते प्रत्येक बिलाला काय बघतात ते वहीत लिहीत गेले. आधी जीएसटी नंबर बघतात, मग बिल नंबरचा शेवटचा भाग, मग टॅक्सची रक्कम, रुपया-दोन रुपये राउंडिंगमुळे इकडे-तिकडे असेल तर सोडतात, तारीख सगळ्यात शेवटी, कारण माल पोचल्याची तारीख टाकायची सवय बऱ्याच जणांना असते. दोन पानं झाली. ती दोन पानं हाच खरा प्रोग्राम होता, पुढे एआयने फक्त त्याचं पायथॉन करून दिलं. तुमचं काम वेगळं असेल, पण ही दोन पानं ज्याला नीट लिहिता येत नाहीत त्याला एआय काहीतरी गुळगुळीत उत्तर देतं आणि ते कामाचं नसतं, हे मी ऑफिसातल्या दुसऱ्या दोघांच्या बाबतीतही बघितलंय.

मग मी एआयला मराठीतच लिहिलं, अशा दोन फाइल्स आहेत, हे कॉलम आहेत, हे नियम आहेत, कोड दे. दहा मिनिटांत कोड आला, पायथॉन इन्स्टॉल करण्यातच दोन दिवस गेले तो भाग सोडा, आणि तो चालला. तीनशे चाळीस बिलांचा क्लायंट, काही सेकंदांत निकाल. मी सरांना दाखवायला उठणारच होते तेवढ्यात सवयीने खाली बेरीज बघितली, जुळलेल्या बिलांची टॅक्सची बेरीज २बी मधल्या एकूण बेरजेपेक्षा जास्त. जास्त कशी येईल? जुळलेली बिलं ही त्याच यादीतली ना. कुठलाही एरर नव्हता, सगळं हिरवं.

शोधायला एक संध्याकाळ गेली. एका सूत व्यापाऱ्याच्या "ए/११८" आणि "बी/११८" अशा दोन सिरीज होत्या. कोडने साफसफाई करताना अक्षरं उडवली, दोन्हींचं नुसतं ११८ झालं, जीएसटी नंबर तर एकच, त्यामुळे इकडची दोन बिलं आणि तिकडची दोन बिलं एकमेकांत गुंतून चार ओळी झाल्या. काकांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अगं, त्यांची दोन गोडाऊनं आहेत, पहिल्यापासून दोन बिलबुकं." हे एआयला माहीत असण्याचं कारणच नाही, मी वहीत लिहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी कोड कॉपी-पेस्ट करणं थांबवलं आणि शिकायला लागले. एकेक ओळ एआयला विचारायची, ही ओळ काय करते, काढली तर काय होईल, मग खरंच काढून बघायची. रोज पाऊण तास, साधारण चार महिन्यांत लूप, डिक्शनरी, फंक्शन आणि पांडाज नावाची जी लायब्ररी आहे तिच्यात एक्सेल वाचणं, दोन टेबलं जोडणं एवढं हाताला बसलं. आपल्याला सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं नाहीये, एवढ्यावर ऑफिसचं पुष्कळ काम निघतं. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, फुकट आहे, मराठीतही ट्युटोरियल्स आहेत, तिथे काय काय आहे ते एकदा बघाच.

शिकल्यावर तीन गोष्टी बदलल्या. सगळे कॉलम आधी टेक्स्ट म्हणून वाचायचे, म्हणजे शून्यं जात नाहीत. टेबलं जोडताना पांडाजला व्हॅलिडेट नावाच्या तपासणीत "वन टू वन", म्हणजे एकाला एकच, असं सांगायचं, मग एकाला दोन जुळले की तो तिथेच थांबतो, गपचूप चार ओळी करत नाही. आणि शेवटी तीन बेरजा छापायच्या, जुळलेलं, फक्त २बी मध्ये असलेलं, फक्त रजिस्टरमध्ये असलेलं. पहिल्या दोन मिळून २बी ची एकूण बेरीज पैशापर्यंत यायला हवी, नाही आली तर निकाल उघडायचाच नाही. आपण अकाउंट्सवाले आहोत, ताळा जमवणं आपल्या रक्तात आहे, आणि एआय वापरताना हीच सवय कोडिंगपेक्षा जास्त उपयोगी पडते असं माझं ठाम मत आहे.

जीएसटी नंबरचंही एक छोटं फंक्शन केलंय. १५ अक्षरं, पहिली दोन राज्याची, महाराष्ट्र २७, तमिळनाडू ३३, पुढची दहा पॅन, आणि अगदी शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणित करून येतं. त्यामुळे टॅलीत कोणी शून्याऐवजी ओ टाकला असेल तर जुळवायच्या आधीच कळतं. पूर्वी अशी बिलं "पार्टीने रिटर्न भरला नाही" म्हणून बाजूला पडायची आणि आम्ही विनाकारण त्या माणसाला फोन करत बसायचो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, क्लायंटची खरी फाइल एआयच्या चॅटमध्ये टाकू नका. लोकांनी आपल्यावर विश्वासाने हिशेब सोपवलेले असतात. मी खोटी नावं, खोटे नंबर, खोट्या रकमा घालून दहा ओळींची फाइल बनवली, त्यात मुद्दाम सगळे घोळ घातले, आणि तीच दाखवते. खरी फाइल फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, तिथेच कोड चालतो.

आज एका क्लायंटला वीस मिनिटं लागतात, त्यातली बहुतेक न जुळलेल्या बिलांसाठी पार्टीला फोन करण्यात जातात, आणि फोन महिन्यात लवकर गेल्यामुळे समोरचाही पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्त करतो. क्रेडिट नोटा, म्हणजे विकणाऱ्याने आधीच्या बिलाची रक्कम कमी करून दिलेले कागद, मी अजून कोडवर सोडलेल्या नाहीत, सूत परत गेलं, सुताचे कोन कमी निघाले, रेटमध्ये फरक पडला, प्रत्येकाची भानगड वेगळी. त्या १५ तारखेला काका आणि मी हातानेच बघतो, ते सांगतात आणि मी वहीत लिहिते. तिसरं पान चालू आहे.