आजीचं तारण आणि सोनेतारण

बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. नगरच्या बाजारात 'सोनेतारण कर्ज' असा बोर्ड दिसला आणि त्याच संध्याकाळी आजी प्रार्थनेत 'प्रभू तारणारा' म्हणाली, तर बाबा, आपले लोक बँकेचा शब्द देवासाठी का वापरतात, हा एक प्रश्न. आणि दुसरा त्याहून अवघड, की जत्रेत नवसाचं बोकड कापतात त्यात आणि येशूला 'देवाचं कोकरू' म्हणण्यात फरक काय, देवाला रक्त लागतंच कशाला. इथे मेलबर्नला रात्रीचे अकरा वाजलेत पण हे उद्यावर टाकवत नाही.

तारणं म्हणजे बुडणाऱ्याला पार नेणं. 'देव तारी त्याला कोण मारी' हे तू आजीच्या तोंडून कितीदा ऐकलंयस. तोच शब्द गहाण ठेवलेल्या वस्तूलाही लागतो, आणि मला हे दोन्ही अर्थ एकत्र कळले ते आजीच्या पाटल्यांमुळे. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी तिने त्या तारण ठेवल्या होत्या. मी हॉस्टेलवर, कर्ज कोण फेडतंय याचा मला पत्ताच नव्हता. तुझी आत्या तेव्हा शाळेत नुकतीच लागलेली, तिने दीड वर्षं पगारातून हप्ते भरले, पाटल्या सोडवून आणल्या आणि गुपचूप आजीच्या डब्यात ठेवल्या, मला कळलं ते माझ्या लग्नात आजीच्या हातात पाटल्या दिसल्या तेव्हा. मी काही फेडलं नव्हतं, फेडायची ऐपतही नव्हती. मराठी बायबलमधे 'खंडणी' (म्हणजे कुणाला सोडवायला भरलेली किंमत) आणि 'मुक्ती' हे शब्द येतात ना, ते मी त्या दिवसापासून वेगळे वाचतो. येशू म्हणतो की तो सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आणि पुष्कळांसाठी खंडणी म्हणून आपला जीव द्यायला आला.

पण मग सावकार कोण? तू हे विचारणारच. इथे माझं उदाहरण मोडतं, आणि याच जागी मोठमोठे लोक अडलेत. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन, त्याने सुचवलं की खंडणी सैतानाला दिली. 11व्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म म्हणाला छे, सैतानाचं आपण काही देणं लागत नाही, माणसाने देवाचा मान मोडला ते ऋण आहे, ते फेडायला हवं माणसाने पण फेडू शकतो फक्त देव, म्हणून देव माणूस झाला. मला अन्सेल्मचं म्हणणं जवळचं वाटतं, पण हिशोबाची भाषा फार ताणली की देव वसुलीवाला वाटायला लागतो, आणि ते मला मान्य नाही. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप पोरगा दुरून दिसताच धावत सुटतो, हिशोब विचारत नाही.

आता बोकड. जुन्या करारातही, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातही, जनावरांची अर्पणं आहेत, अर्पण करणारा आधी जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा, इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून सुटले त्या वल्हांडणाच्या रात्री कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं होतं. म्हणून बाप्तिस्मा करणारा योहान येशूला बघून म्हणतो, हे पाहा देवाचं कोकरू. पण त्याच जुन्या करारात होशेय संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो की मला यज्ञ नको, दया हवी, आणि येशू हे वाक्य स्वतः लोकांना ऐकवतो. नवसात माणूस देतो आणि देवाने काहीतरी करावं अशी आशा धरतो. वधस्तंभावर दिशा उलटी आहे, देणारा देवच आहे. देवाला रक्ताची तहान होती म्हणून नाही, तर माणसाची हिंसा, आपला सगळा राग त्याने स्वतःच्या अंगावर घेतला आणि उलट वार केला नाही, 'हे बापा, त्यांना क्षमा कर' म्हणाला. त्यानंतर पुन्हा कुठलाही बळी द्यायचा नाही, एकदाच आणि सगळ्यांसाठी. म्हणून आपल्या चर्चमधे प्रभुभोजनाला भाकर आणि द्राक्षरस असतो, वेदीवर जनावर नसतं.

आणि हे फुकट मिळतं, ही गोष्ट भल्याभल्यांना पचत नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शास्त्रं तोंडपाठ होती, त्यात बाईला बाई म्हणून मोक्षाची वाट सापडेना. 1883 मधे इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं गेली. कारण तोवर त्या पात्र व्हायची धडपड करत होत्या. नंतर केडगावला दुष्काळातल्या पोरीबाळींसाठी, विधवांसाठी घर उभं केलं त्याचं नाव 'मुक्ती'. तारण मिळालेला माणूस हात बांधून बसत नाही हे मला त्या नावात दिसतं. तारणासाठी काम नाही, तारण मिळालं म्हणून काम, नव्या करारातली पौल आणि याकोब दोघांची पत्रं एकत्र वाच म्हणजे कळेल.

आजी चर्चमधे टाळ का वाजवते हेही तू विचारलं होतंस. ते ना. वा. टिळकांचं देणं. 1895 मधे बाप्तिस्मा घेतलेला हा कवी म्हणायचा की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. अभंग-ओवीत त्यांनी येशू गायला, म्हणून नगरच्या आपल्या लोकांना तारण हा परका शब्द कधी वाटलाच नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आजी चर्चमधे उपासनेचे तिन्ही तास उपाशी बसते, या वर्षी तू तिथे आहेस तर तिच्या शेजारी बस, पाणी हाताशी ठेव, शुगर आहे तिला. आत्या पेटी वाजवणार आहे. पाटल्यांचं तिला विचारू नकोस, ती उठून चहा टाकायला जाईल.

तुझा,
बाबा