पुराच्या धास्तीनं मूर्ती हलवल्या, विमा कंपनीनं हात वर केले

प्रश्न : कोल्हापुरात आमचा गणेशमूर्तींचा कारखाना आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली तेव्हा ११० मूर्ती टेम्पोनं भाड्याच्या शेडमध्ये हलवल्या. तिथं दोन पोरं रंगकाम करत होती. पुढं शेडमागचा ओढा तुंबून पाणी आत शिरलं आणि साधारण चार लाखांचा माल गेला. विमा बँकेनं आमच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्यातून उतरवलेला आहे, मालाची रक्कम सहा लाख. पॉलिसी बँकेत आहे, आम्ही पाहिलेली नाही. ‘नुकसान पॉलिसीत नमूद जागेवर झालेले नाही’ असं पत्र कंपनीनं पाठवलं, त्याला चौदा महिने झाले. एजंटकडे पाठपुरावा चालू आहे. मंडळं ॲडव्हान्स परत मागतायत. काय करावं?

उत्तर : कुंभार गल्ल्यांतून, पेणच्या कारखान्यांतून आणि चित्रकारांकडूनही असे प्रश्न दर पावसाळ्यानंतर येतात. त्यामुळं विमा म्हणजे काय, पूर त्यात बसतो का, हे सांगत बसत नाही. पूर बसतो. तुमचा दावा अडलाय तो जागेवर.

तुमच्या चार पानी पत्रात कामाचं वाक्य एकच आहे आणि तेही तुम्ही जाता जाता लिहिलंय : ‘तिथं दोन पोरं रंगकाम करत होती.’ सगळं प्रकरण या वाक्यावर उभं राहील किंवा पडेल.

का ते सांगतो. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांना जी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी मिळते, तिच्यात तात्पुरत्या हलवलेल्या मालासाठी वेगळं संरक्षण असतं. मालाच्या रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत. मात्र माल घडण, प्रक्रिया, फिनिशिंग किंवा तशाच कामासाठी हलवलेला असावा, अशा अर्थाचे शब्द तिथं असतात. पुराला घाबरून हलवला, एवढंच म्हणालात तर कंपनी म्हणेल की हे त्यात बसत नाही. रंगकाम मात्र सरळ फिनिशिंग आहे. हलवण्याचं कारण पूर होतं आणि तिथं काम रंगाचं चालू होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हेतू एकच असावा असं पॉलिसीत लिहिलेलं नसेल, तर मोघम शब्दांचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा हे तत्त्व तुमच्या बाजूनं आहे.

पण हे सिद्ध करावं लागेल. शेडच्या सबमीटरचं वीजबिल, कॉम्प्रेसरची भाडेपावती, त्या आठवड्यातली मजुरीची नोंद, शेडवर उतरवलेल्या रंगाचं चलन, जे असेल ते काढा. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे नुकसान पाहायला कंपनीनं नेमलेल्या सर्व्हेअरचा अहवाल. त्याची प्रत लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. फोटोत अर्धी रंगवलेली, डोळ्यांची आखणी राहिलेली मूर्ती दिसत असेल, तर पुरावा कंपनीच्याच फाइलीत पडलाय. रंगकाम चालू नसेल तर मात्र तसं लिहू नका. दाव्यात एक खोटं विधान सापडलं तर पॉलिसीच्या अटींनुसार सगळाच दावा बुडतो.

आता हिशेब. सहा लाखांचे १० टक्के म्हणजे साठ हजार. चार लाखांसमोर ही रक्कम बोचेल, पण भक्कम पायावरची मागणी एवढीच. उरलेल्यासाठी युक्तिवाद आहे : नुकसान टाळायला वाजवी काळजी घ्या, असं पॉलिसीच सांगते, ती घेतली म्हणून विमेदाराला शिक्षा कशी? युक्तिवाद चांगला आहे आणि ग्राहक आयोगातल्या तक्रारीत घालाच. आयोग तो मानेल याची हमी मी देणार नाही. ‘हलवा’ असं एजंट फोनवर म्हणाला होता, असं तुम्ही पत्रात लिहिलंय, पण त्यानं पॉलिसी बदलत नाही. त्याचा तसा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर जोडा.

हे सगळं मी ‘असतं’, ‘असेल’ असं लिहितोय, कारण तुम्ही पॉलिसी पाहिलेलीच नाही. ‘ती बँकेत आहे’ हे काही उत्तर झालं का? हप्ता तुमच्या खात्यातून गेला. आजच शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एक पानी प्रमाणपत्र देऊन वाटेला लावतील, तर अटींसकट पूर्ण पॉलिसी, परिशिष्ट आणि जादा संरक्षणांची यादी मागा. पत्ता कोणता लिहिलाय ते आधी बघा. बँकेनं कारखान्याऐवजी तुमच्या घराचा पत्ता टाकल्याची प्रकरणंही असतात. तसं असेल तर बँकेलाही जबाबदार धरता येईल. तक्रारीत बँकेला सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करा. भरपाई बहुधा आधी सीसी खात्यातच जमा होईल, हेही धरून चाला.

कंपनीचं पत्र पुन्हा वाचा. त्यात कारण एकच आहे, जागेचं. उशिरा कळवलं, कागद दिले नाहीत, यातलं काही नाही. सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलंय की नकारपत्रात नसलेलं उशिराचं कारण कंपनीला नंतर पुढं करता येत नाही. म्हणून त्या पत्राला खुलासे करत बसू नका. तुम्ही स्वतःहून ‘कळवायला आठवडा झाला’ असं लिहिलंत, तर नसलेलं भांडण ओढवून घ्याल.

मुदतीबद्दल राग येतो तो इथं. चौदा महिने एजंटच्या मागं कशाला फिरलात? एजंटला दावा मंजूर करायचा अधिकार नाही आणि त्याच्याशी बोलत राहिल्यानं मुदत थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. नकारपत्राची तारीख धरा, म्हणजे हातात दहा महिने आहेत. त्यातले आठ वाया घालवू नका. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे एका वर्षात जायचं असतं. उशीर माफ करायचा अधिकार लोकपालाला आहे, पण त्या भरवशावर बसू नका. नकारानंतर बारा महिन्यांत कोर्टात न गेल्यास दावा सोडला असं समजू, अशी अट काही पॉलिसींत असते आणि कंपनी ती पुढं करेल. हक्क संपवणारी अशी अट करार कायद्याच्या कलम २८ मधल्या १९९७ च्या दुरुस्तीनंतर टिकू नये, असं माझं मत आहे. निकाल मात्र एका सुरात नाहीत.

तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते, ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरूनही. अधिकारक्षेत्र आणि फी दोन्ही तुम्ही भरलेल्या हप्त्यावर ठरतात. हप्ता पाच लाखांच्या आत असल्यानं फी लागणार नाही. ‘हा व्यापारी आहे, ग्राहक नाही’ हा आक्षेप येईल. हर्सोलिया मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली दिलेल्या निकालानं त्याची धार गेली आहे. कायदा तीन महिन्यांत निकाल लावा म्हणतो. तारखा कशा पडतात ते आयोगाच्या फलकावर पाहून या. तडजोडीची वाजवी रक्कम आली तर विचार करा. ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही करण्याआधी मात्र आक्षेप लिहून द्या. सहीनंतर दबावाखाली सही केली हे सिद्ध करणं जड जातं.

मंडळांचे पैसे बहुधा परत करावे लागतील, किंवा त्या किमतीत दुसरी मूर्ती द्यावी लागेल. मालकी खरेदीदाराकडे जाईपर्यंत धोका विकणाऱ्याचा, हा मालविक्री कायद्याच्या कलम २६ चा सर्वसाधारण नियम. एखाद्या मंडळानं तयार मूर्ती पसंत करून पूर्ण पैसे भरले आणि ‘राहू दे तुमच्याकडे’ म्हटलं असेल, तर उलटा वाद घालता येतो. पण जपून. ती मूर्ती मंडळाचीच होती असं म्हणालात, तर विमा कंपनी म्हणेल की हा दुसऱ्याचा माल तुमच्या ताब्यात होता. वेगळा उल्लेख नसेल तर अनेक पॉलिसींत तो बसत नाही. कुठली मूर्ती कुणाची, याची एकच यादी करा आणि दोन्हीकडे तीच द्या.

सरकारी मदतीचं थोडक्यात : आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत हस्तकला कारागिराला अवजारांसाठी ५,००० आणि कच्च्या-तयार मालासाठी ५,००० आहेत, तेही नुकसानीचा अधिकृत दाखला असेल तर. पंचनामा शेडच्या जागी झालेला असायला हवा. राज्याचा वेगळा शासन निर्णय होता का, तहसील कार्यालयात विचारा.

पुढच्या हंगामाची कामं मेअखेर उरका. भाड्याचा करार जोडून शेडचा पत्ता पॉलिसीत चढवून घ्या आणि दुरुस्तीपत्र हातात येईपर्यंत ‘झालं’ समजू नका. दोन-तीन जागा असतील तर सगळ्या जागांसाठी एकत्र रक्कम धरणारं फ्लोटर संरक्षण मागा. रक्कम श्रावणातल्या मालाची धरा, चैत्रातल्या नाही : आठ लाखांचा माल चार लाखांना उतरवला आणि दोन लाखांचं नुकसान झालं, तर हातात एकच लाख येतो. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. मूर्तीच्या पाटावर नंबर टाका आणि आठवड्याला फोटो काढा. विरघळलेला शाडू, फुगून काथ्या उघडा पडलेलं प्लास्टर सर्व्हेअर येईपर्यंत फेकू नका. आणि रबरी-फायबरचे साचे ‘माल’ या रकान्यात येत नाहीत. त्यांची उंची, बिल आणि किमतीसकट यादी करून यंत्रसामग्रीत वेगळी रक्कम लावून घ्या. तुमच्या सहा लाखांत ते धरलेले नसणार.