कुंपणावरचा हा वेल कोणता?

प्रश्न: कोकणात आमच्या घरामागच्या कुंपणावर एक वेल चढलाय, तीन-तीन पानं, जांभळी फुलं लोंबतायत. कोणी म्हणतं अबई, कोणी खाजकुहिली. ओळखायचं कसं?

उत्तर: आधी हात लावू नका! तीन पर्णिका, म्हणजे एकाच देठावरची तीन छोटी पानं, दोघींनाही असतात त्यामुळे नुसत्या पानावरून ठरवू नका, पण बाजूच्या दोन पर्णिका नीट बघा, खाजकुहिलीच्या मधल्या शिरेच्या बाहेरची बाजू आतल्यापेक्षा चांगलीच रुंद असते. मग फूल. या शेंगांच्या (वाल, घेवड्याच्या) कुळातल्या अशा फुलात सहसा वरची मोठी पाकळी, म्हणजे ध्वज, उठून दिसतो, खाजकुहिलीत मात्र तीच आखूड, खालच्या पाकळ्यांच्या साधारण निम्मी, आणि रंग गडद जांभळा. अबईचं फूल गुलाबीसर, ध्वज छान पसरलेला.

शेंग आली की शंकाच राहत नाही. अबईची लांब, चपटी, तलवारीसारखी आणि गुळगुळीत. खाजकुहिलीची बोटाएवढी, इंग्रजी एससारखी वळलेली, वर सोनेरी-तपकिरी लव, थंडीत शेंगा वाळल्या की ती लव वाऱ्यानेसुद्धा उडते, त्यातल्या म्युक्युनेन नावाच्या प्रथिनामुळे भयंकर खाज सुटते म्हणून पोरांना तिकडे जाऊच देऊ नका. लागलीच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उचलायची, मग धुवायचं. डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुऊन सरळ डॉक्टरकडे.

फोटो पाठवताना शेंग आणि फूल दोन्ही जवळून काढा, लांबूनच झूम करून.