बॅकस्टेज आणि स्टेज मॅनेजमेंटमध्ये करिअर होऊ शकतं का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहात, कॉलेजच्या एकांकिकांचं बॅकस्टेज सांभाळलंय, अभिनयाची ओढ नाही, आणि घरचे विचारतायत की मुलीचं पडद्यामागे राहून भागणार कसं. मी मुंबई-ठाण्यात व्यावसायिक नाटकांचं बॅकस्टेज बघते. जे रोज दिसतं तेच सांगते.

आधी पैशाचं, कारण घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. नुसत्या नाटकावर घर चालवणारे फार थोडे. इथे महिन्याचा पगार नसतो, 'नाइट' असते. प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर बहुतेक वेळा काहीच नाही. प्रयोग शनिवार-रविवारी आणि सणासुदीला एकवटलेले. परीक्षा, निवडणुका किंवा धो धो पाऊस आला की तारखा गळतात. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधे काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये परत सुरू झाली. त्या काळात पडद्यामागच्या कितीतरी माणसांनी मिळेल ते काम धरलं. म्हणून सोमवार ते गुरुवारसाठी दुसरं काहीतरी हवंच. इव्हेंट कंपन्या, पुरस्कार सोहळे, शाळांची स्नेहसंमेलनं, मालिकांचा कलाविभाग, असं बरंच आहे. आणि बी.कॉम. वाया जाणार नाही. दौऱ्याचा हिशेब, बिलं, टीडीएस नीट कळणारं माणूस निर्मात्याला सहज मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या रंगभूमीवर स्टेज मॅनेजरचं काम चार-पाच जणांत वाटलेलं असतं. तारखा, बस, मानधनाची पाकिटं हे सूत्रधार किंवा व्यवस्थापक बघतो. तालमी सहायक दिग्दर्शकाकडे. सेट आणि प्रॉपर्टी रंगमंच व्यवस्थेच्या मुलांकडे. प्रकाश आणि पार्श्वसंगीताचे ऑपरेटर नाटक पाठ झाल्यामुळे आपापले क्यू, म्हणजे लाइट किंवा आवाज नेमका कधी द्यायचा ते इशारे, स्वतःच घेतात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रातल्या किंवा बीकेसीतल्या मोठ्या म्युझिकलना कानाला हेडसेट लावून एकच माणूस सगळे क्यू देतो. तशी पद्धत मराठी नाटकात क्वचितच दिसते. आपले ऑपरेटर नटाच्या श्वासावर लाइट बदलतात, त्या कसबाला तोड नाही. पण सगळं त्यांच्या डोक्यात असतं. एखाद्या ऑपरेटरला ताप आला, बदली माणूस आला, की प्रयोग डगमगतो. म्हणून माझं ठाम मत आहे: जी व्यक्ती नाटक कागदावर उतरवते, तिच्यावाचून दुसऱ्या महिन्यापासून कुणाचं पान हलत नाही. तुम्ही ती व्यक्ती व्हा.

म्हणजे काय करायचं? संहितेची एका बाजूला छापलेली प्रत घ्या, समोरचं पान कोरं ठेवा. डावीकडे संवाद, उजवीकडे पेन्सिलीने क्यू. समजा संवाद आहे, 'थांब, कुणीतरी आलंय.' तर 'थांब'वर उभी रेघ, समोर 'ध्वनी 9, दाराची बेल', आणि त्याच्या अर्धं पान आधी 'ध्वनी 9 तयार'. हे 'तयार' महत्त्वाचं, कारण क्यू चुकतो तो बहुतेक वेळा माणूस गाफील असतो म्हणून. पेन्सिल अशासाठी की रंगीत तालमीपर्यंत दिग्दर्शक निम्मं बदलतो. शिवाय प्रत्येक अंकाची वेळ लिहा, रोज. दुसरा अंक हळूहळू चार-पाच मिनिटांनी वाढलेला दिसला, तर कुठेतरी पॉझ पसरलेत, आणि ते दिग्दर्शकाला सांगणारी तुमची वही असते.

प्रॉपर्टीचंही तसंच. विंगेतल्या टेबलावर पांढरा कागद चिकटवायचा, प्रत्येक वस्तूच्या कडेने मार्कर फिरवायचा आणि आत नाव लिहायचं: चष्मा, पाकीट, औषधाची बाटली. तिसऱ्या घंटेआधी एक नजर टाकली की रिकामा आकार लगेच दिसतो. नट वस्तू घेऊन मेकअप रूममध्ये गेला असेल तर तेव्हाच कळतं, प्रवेश सुरू झाल्यावर नाही.

वेगही अंगात मुरवावा लागतो. रविवारी एकाच नाट्यगृहात सकाळ, दुपार, रात्र अशी तीन वेगळी नाटकं असतात. पडदा पडला की प्रेक्षक सेल्फीसाठी आत येत असतात आणि त्याच वेळी आपल्या सेटचे फ्लॅट, म्हणजे भिंतींच्या चौकटी, सुटायला लागलेले असतात, कारण पुढच्या नाटकाचा टेम्पो मागे उभा असतो. टेम्पोत शेवटी काय भरायचं हे पुढच्या गावी पहिल्यांदा काय लागतं त्यावर ठरतं. ही अक्कल फक्त सामान उचलून येते.

म्हणून सुरुवात तुमच्या गावातूनच करा. शाहू कलामंदिरात मुंबई-पुण्याचं नाटक आलं की तिकीट काढण्याआधी दुपारी टेम्पो येतो तेव्हा मागच्या दाराशी जा. व्यवस्थापकांना गाठा, 'सर, मदत करू का, शिकायचंय' एवढंच विचारा. आधी नाही म्हणतील, पुढच्या नाटकाला पुन्हा विचारा. सोबत राज्य नाट्य स्पर्धेतल्या एखाद्या संस्थेचं पूर्ण दोन-अडीच तासांचं नाटक घ्या; एकांकिकेत न येणारे प्रश्न तिथे येतात.

शिक्षण घ्यायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग, आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी. एनएसडीला पदवी आणि आधीच्या नाटकांचा अनुभव दोन्ही लागतं, त्यामुळे आजवरच्या एकांकिकांची प्रमाणपत्रं आणि श्रेयपत्रिका जपून ठेवा. परवडत असेल तर जरूर जा. तिथे प्रकाश, नेपथ्य, वेशभूषा सगळं हाताखालून जातं आणि आयुष्यभराची माणसं मिळतात.

मुलगी म्हणून: बॅकस्टेजला आपण अजून कमी आहोत. रात्रीचा बसप्रवास असतो, आणि काही नाट्यगृहांची मागची स्वच्छतागृहं बघून संताप येतो. दौऱ्याला निघण्याआधी युनिटमध्ये दुसरी बाई कोण आहे आणि राहायची सोय कुठे आहे हे बेधडक विचारा. यात संकोच नको.

सुरक्षिततेवर कुणी फारसं बोलत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. जीवितहानी झाली नाही हे नशीब. शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू जळताना बघून आमच्यातले अनेक जण रडले. नव्या नाट्यगृहात पाय ठेवला की मेन स्विच, अग्निशामक नळकांडी आणि मागचं दार आधी शोधा, दाराला कुलूप असेल तर उघडायला लावा. शिडीवर माणूस असताना खाली दुसऱ्याने धरलेलीच हवी, घाई कितीही असो.

पहिलं व्यावसायिक काम मिळेल तेव्हा आनंदात 'तुम्ही द्याल ते' म्हणू नका. नाइट किती, दौऱ्याला भत्ता किती, जेवण आणि राहणं कुणाकडे, प्रयोग आयत्या वेळी रद्द झाला तर काय, तालमींचे पैसे आहेत का, आणि जाहिरातीत नाही तरी श्रेयपत्रिकेत नाव येणार का, हे विचारा. उत्तरं मिळाली की त्याच संध्याकाळी 'आपलं असं ठरलंय' म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. चांगला निर्माता याचा राग धरत नाही. जो धरतो त्याच्याकडे पैसे अडकतात हे मी पुष्कळ जणांच्या बाबतीत पाहिलंय.

पुण्यात ललित कला केंद्राला अर्ज करायचा विचार पक्का झाला तर कमेंटमध्ये सांगा, प्रवेश परीक्षेला बॅकस्टेजचं काम कसं मांडायचं ते वेगळं लिहीन.