कडेवरचे मूल आणि वीस मिनिटांची कसोटी

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्यात एकत्र कुटुंबात राहतो. मी बेळगावात नोकरी करते; सकाळी साडेआठला घर सोडते, ती सायंकाळी सातला परतते. माझा १६ महिन्यांचा मुलगा दिवसभर सासूबाई, नणंद आणि शेजारच्या कन्नड आज्जी यांच्याकडे असतो. आत्याचे ऐकून तो मला ‘वैनी’ म्हणतो आणि सासूबाईंना ‘आई’. गेल्या महिन्यात एका समुपदेशकांनी मला थोडा वेळ खोलीबाहेर जायला सांगितले. तो रडला नाही आणि मी परत आल्यावरही खेळण्यांतच रमून राहिला. ‘मुलाची आईशी असलेली जवळीक असुरक्षित आहे, पुढे नात्यांत अडचणी येतील,’ असे त्यांनी लिहून दिले. रात्री मात्र माझ्या बांगड्या चाचपल्याशिवाय त्याला झोप येत नाही. घरात मला कोणी बोल लावत नाही, मीच स्वतःला लावते. नोकरी सोडावी का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, त्या खोलीत जे झाले ते ‘अनोळखी परिस्थिती’ नावाच्या चाचणीचे फार अपुरे रूप होते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी ही चाचणी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात बसवली. सुमारे वीस मिनिटांत आई दोनदा खोलीबाहेर जाते, मध्ये एक परकी बाई येते, आणि आई परतल्यावर मूल काय करते यावरून त्याच्या जवळिकीचा प्रकार ठरवला जातो. मात्र त्यापूर्वी एन्सवर्थ यांच्या गटाने २६ कुटुंबांच्या घरी वर्षभर, दर काही आठवड्यांनी, तासन्‌तास बसून मायलेकरांना पाहिले होते. त्याही आधी, १९५४-५५ मध्ये, त्यांनी युगांडातील खेड्यांत घरोघरी जाऊन निरीक्षणे केली होती. घर पाहण्याचा हा भाग पुढे अनेकांनी सोडून दिला आणि वीस मिनिटे तेवढी उचलली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या चाचणीच्या मुळाशी एक गृहीत आहे : आई नजरेआड होणे आणि परके माणूस समोर येणे यामुळे मूल थोडे बेचैन होते, पण फार नाही. जर्मनीतील बीलेफेल्ड येथे ही चाचणी झाली, तेव्हा जवळपास निम्मी मुले आईला टाळणारी, म्हणजे असुरक्षित जवळिकीची ठरली. तिथल्या पालकांना मुलाने लवकर स्वतंत्र व्हावे असे वाटत होते. जपानमधील साप्पोरो येथे उलट घडले. आईपासून क्वचितच दूर राहिलेली ती मुले इतकी रडली की चाचणीचे काही भाग आवरते घ्यावे लागले. तुमचा मुलगा तर सकाळपासून तीन-चार जणींच्या कडेवर फिरतो, मराठीत रुसतो आणि कानडीत समजूत काढून घेतो. खोलीतून एक माणूस बाहेर गेले, दुसरे आत आले, यात त्याला भ्यावे असे काहीच नव्हते. जिथे मूल बेचैनच झाले नाही, तिथे ते आधारासाठी कोणाकडे धावते हे दिसणार कसे?

‘वैनी’ या हाकेने तुम्हाला लागते, हे पत्रातून जाणवते. पण आपल्याकडच्या एकत्र घरांत कित्येक मुलांनी सख्ख्या आईला जन्मभर वैनी किंवा काकी म्हटले आहे, कारण घरात तिला तीच हाक पडत असे. हाकेवरून माया मोजता येत नाही. दिवसभर अनेकांच्या अंगाखांद्यावर असलेले मूल अंधार पडल्यावर नेमका एकच हात शोधते, त्यावरच्या बांगड्या बोटांनी चाचपून खात्री करून घेते आणि मग झोपते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात ज्या जवळिकीची मांडणी केली, ती याहून वेगळी नाही. तुम्ही ही गोष्ट पत्रात ओझरती लिहिलीत; समुपदेशकांनी ती विचारायला हवी होती.

तरीही ‘आपली एकत्र कुटुंबपद्धतीच श्रेष्ठ, पाश्चात्त्यांचे मानसशास्त्र आपल्याला लागू नाही’ असे मी म्हणणार नाही. १९८८ मध्ये या चाचणीचे आठ देशांतील ३२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा देशादेशांतील फरकापेक्षा एकाच देशातील अभ्यासांमधला फरक मोठा निघाला. आपल्या भागातही तेच आहे. निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आईशेजारी वाढणारे मूल, तुमच्या घरातले मूल आणि बेळगावातील फ्लॅटमध्ये आईवडिलांजवळ एकटे वाढणारे मूल, या तिघांना ‘भारतीय बालपण’ या एका नावाखाली बसवणे हीसुद्धा घाईच होईल. शिवाय घरात माणसे दहा असली, तरी मूल रडल्यावर ‘कुणीतरी घेईल’ म्हणून कोणीच उठत नसेल, तर त्या दहांचा मुलाला उपयोग नाही. दुखले-खुपले की ठरावीक माणसांनी भरवशाने जवळ घ्यावे, एवढी गरज सगळीकडच्या मुलांना असते. जवळिकीच्या सिद्धांताचा हा गाभा मला पटतो.

म्हणून पुढचे दोन आठवडे थोडे टिपून ठेवा. ताप आला, पडला किंवा रात्री दचकून उठला, तर तो कोणाकडे जातो? त्या कुशीत किती वेळात शांत होतो? नावाने हाक मारल्यावर वळून पाहतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? दुखूनही तो कोणाकडेच जात नसेल, किंवा घरच्यांत आणि पूर्ण परक्यांत काहीच फरक करत नसेल, तर ही टिपणे घेऊन बालरोगतज्ज्ञांना अवश्य भेटा. सासूबाईंनाही सोबत न्या, कारण त्याचा दिवस त्यांना तुमच्याहून अधिक ठाऊक आहे.

नोकरी पगारासाठी, प्रवासाच्या दगदगीसाठी किंवा स्वतःच्या इच्छेसाठी ठेवायची की सोडायची, हे तुम्ही घरात बसून ठरवा. त्या कागदाच्या आधारे मात्र राजीनामा देऊ नका.