काकींचे १८, सरांचे २८

"आईला ३० पैकी १८ मिळाले. म्हणजे डिमेन्शियाच ना?"

पर्वरीहून आलेला मुलगा खुर्चीत नीट टेकलाही नव्हता. पणजीत माझ्यासमोर हा प्रश्न वरचेवर येतो, आणि बहुतेकदा असाच, हातात गुणांचा कागद घेऊन. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आई-वडील दोघंही सोबत आले होते. डिचोली तालुक्यातलं मराठी घर. काकी ७८ वर्षांच्या. काका ८१, निवृत्त मराठी शिक्षक, गावात अजूनही 'सर'. दोघांची स्मरणशक्तीची चाचणी झाली होती. सरांना २८, त्यामुळे त्यांची कुणाला काळजी नव्हती.

मी काकींचा कागद पाहिला. वाक्य लिहा: शून्य. आकृती बघून काढा: शून्य. शंभरातून सात-सात वजा करा: पाचपैकी एक. गेलेल्या बारा गुणांपैकी सहा इथेच गेले होते. ऋतू कोणता, यावर त्यांनी "चवथीचे दिवस" असं सांगितलं होतं. तेही चूक धरलेलं.

"आई किती शिकली?" मुलाला ठाऊक नव्हतं. काकीच म्हणाल्या, "देवळाच्या अग्रशाळेत, दुसरीपर्यंत. मग भावंडं सांभाळली." तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. पेन्सिल सुटली ती सुटलीच.

ही ३० गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यातला बराच भाग शाळेत गेलेल्या हातालाच जमतो. पुढे आलेल्या दुसऱ्या एका प्रसिद्ध चाचणीत बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिकलेल्याला एक गुण वाढवून देतात. दुसरी शिकलेल्या बाईला एक गुण! मला ते नेहमी भाजीवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखं वाटतं.

मी काकींना मिनिटभरात प्राण्यांची नावं सांगायला लावली. नऊ आली. 'क'वरून शब्द विचारले तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. शब्दातून आवाज सुटा काढणं ही अक्षरओळखीतून येणारी सवय आहे. पोर्तुगालमध्ये निरक्षर माणसांवर झालेल्या अभ्यासात ती खऱ्या शब्दांचा पुनरुच्चार नीट करत, पण अर्थ नसलेल्या शब्दांवर अडखळत.

मग चवथीला गणपतीच्या वर फळंपानं बांधतात त्या माटोळीबद्दल विचारलं, "माटोळीला काय काय बांधता?"

काकी सावरून बसल्या. नारळ, शिपटां, चिबूड, तोरंजन, आंबाडे, कांगणां, माट्टी... मिनिटाच्या आत बावीस, तेही कुठल्या कोपऱ्यात काय बांधायचं त्या क्रमाने. एका फळाशी अडल्या. मी "नि..." एवढंच म्हटलं, तर लगेच "निरफणस!" वय झालं की शब्द जिभेवर येऊन अडतो, पण पहिलं अक्षर मिळालं की बहुधा सुटतो. अल्झायमरमध्ये शब्दामागचा अर्थच विरत जातो, म्हणून असा इशारा पुष्कळदा वाया जातो. माटोळीची चाचणी अर्थात कुठल्याच शास्त्रात नाही आणि मी तिच्यावरून निदान करत नाही. पण घरात आता वीजबिल कोण भरतं, गोळ्या कोण काढून देतं, हे मी विचारलं. दोन्हीचं उत्तर काकी.

"आधी कोण करायचं?"

काकी गप्प. तेवढ्यात सरांनी परतीच्या बसची वेळ विचारली. तासाभरात तिसऱ्यांदा. बदलीच्या गावचा पुराचा किस्साही त्यांनी दोनदा सांगितला होता, दोन्ही वेळा तितक्याच ऐटीत, देखण्या मराठीत. मीही पहिल्यांदा नुसती भाषाच ऐकत बसले होते.

"पण बाबांना तर २८ आहेत," मुलगा म्हणाला.

चाळीस वर्षं खडू धरलेल्या माणसाच्या मेंदूची शिल्लक मोठी असते. ती उतरू लागली तरी चाचणीला बराच काळ कळत नाही. सरांची तुलना काकींशी नाही, दोन वर्षांपूर्वीच्या सरांशी करायला हवी. त्या सरांना ओळखणारी बाई समोरच बसली होती.

काकींना कान तपासायला सांगितलं, कारण अर्धे प्रश्न त्यांना ऐकूच गेले नसावेत. न्यूरॉलॉजिस्टची वेळ सरांच्या नावाने घेतली. बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या दोघांच्याही.

मुलगा आईला म्हणाला, "तू बोलली का नाहीस?"

"सर आहेत ते," काकी म्हणाल्या. "त्यांना कोण चूक म्हणणार?"