इंग्लंडमधल्या नैसर्गिक बागेत हार्डी जिरेनियम काही न करता वाढतात का? कोणती लावावीत?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये घरामागे नैसर्गिक पद्धतीची बाग करायची आहे. सफरचंदाखाली कोरडी सावली आहे, कुंपणालगत गवत आहे. दोन्हीकडे थंडी सोसणारी बारमाही (हार्डी) जिरेनियम हवीत, आणि "एकदा लावली की परत हात लावावा लागू नये."

ते शेवटचं वाक्य वाचलं म्हणूनच लिहायला बसले. पण आधी सफरचंद उरकते.

सफरचंदाखाली मॅक्रोरायझम ही जिरेनियमची जात लावा, दुसरा विचार नको. मूळ बाल्कन डोंगरांकडचं, जाड आडवी खोडं जमिनीवरून सरपटत नेणारं, पानांना उग्र वास असलेलं. सफरचंदाच्या मुळांनी पाणी शोषून घेतलेल्या मातीतही ते तग धरतं आणि बरीच पानं थंडीत टिकवतं. 'बेव्हन्स व्हरायटी' गडद किरमिजी, 'इंगवर्सन्स व्हरायटी' फिकट गुलाबी. लावताना खोड उघडं राहू देऊ नका, पानांच्या झुबक्यापर्यंत मातीत गाडा. उघडं खोड वाळतं आणि रोप वर उचललं जातं. मुळं नसलेला तुकडाही ओलसर मातीत रुजतो. त्यामुळे तीनच रोपं विकत घ्या, पुढच्या शरदात हाताने तुकडे ओढून काढा आणि उरलेली जागा भरा. मधूनमधून फीयम ही दुसरी जात घाला. मे महिन्यात काळपट जांभळी फुलं येतात, दिसायला किरकोळ, पण मधमाश्या त्यांच्यावर तुटून पडतात.

इथे फसतं ते लावणीआधीच. जिरेनियम तण दाबतं हे अर्धसत्य आहे. बियांपासून उगवणारं तण ते दाबतं, कारण मातीवर उजेडच पोहोचत नाही. ग्राउंड एल्डर, बाइंडवीड, काउच ग्रास अशा चिवट तणांच्या जमिनीखालून पळणाऱ्या मुळांना मात्र ते काहीही करत नाही. उलट त्यांची मुळं जिरेनियमच्या गड्ड्यात शिरली की सगळा गड्डा उपटून, मुळं धुऊन, तणाचा पांढरा धागान् धागा वेचून काढावा लागतो. म्हणून आधी जागा साफ करा. फोर्कने हलक्या हाताने मुळं उचलून काढा, खोल खणू नका, सफरचंदाची मुळं वरच असतात. मग जाड पुठ्ठा आणि त्यावर पानकुजी घालून उन्हाळाभर झाकून ठेवा. ग्राउंड एल्डरला एक उन्हाळा बहुधा पुरत नाही.

आणि कुणी ऑक्सोनियानम या संकरित जिरेनियमची रोपं फुकट देऊ केली, विशेषतः 'क्लॅरिज ड्रूस', तर नम्रपणे नको म्हणा. ती फुकट मिळतात याचं कारण देणाऱ्यांकडे ती नको तितकी झालेली असतात.

आता गवत, आणि "हात लावावा लागू नये".

आमच्याकडच्या बागप्रेमी मंडळींत हा वाद फार जुना आहे. एक पक्ष म्हणतो, नैसर्गिक बाग म्हणजे कात्री खुंटीला टांगायची, कापलं की कीटक मरतात. माझं म्हणणं, त्याला नैसर्गिक बाग म्हणत नाहीत, पडीक जागा म्हणतात, आणि तिथे दहा वर्षांनी ब्रॅम्बलची काटेरी जाळी आणि अ‍ॅशची रोपटी असतात, जिरेनियम नसतं. सिल्वॅटिकम हे इथलं रानजिरेनियम उत्तरेकडच्या यॉर्कशर डेल्स आणि नॉर्थ पेनाइन्सच्या गवती कुरणांतलं. ती कुरणं निसर्गाने एकट्याने केलेली नाहीत. शेतकरी वसंतात कुरणातून गुरं बाहेर काढायचे, जुलैत फुलांचं बी पडलं की गवत कापायचे, वाळवून उचलून न्यायचे, मग उरलेल्या खुंटांवर पुन्हा गुरं सोडायचे. दरवर्षी कापणी म्हणूनच फुलं. इंग्लंड आणि वेल्समधली १९३०च्या दशकापासून सुमारे ९७ टक्के रानफुलांची कुरणं गेली, ती विळ्यामुळे गेली नाहीत. नांगरट झाली, खतं पडली, आणि बी धरायच्या आत सायलेजसाठी (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी) गवत कापलं जाऊ लागलं, म्हणून गेली.

तुमच्या कुंपणालगत हीच शिस्त लहान प्रमाणात चालवा. तिथे प्रॅटेन्स जातीचं जिरेनियम लावा: निळी-जांभळी फुलं, ६० ते ९० सेंटिमीटर उंची, चुनखडीच्या मातीत विशेष खूश. गवतात थेट बी फेकून काही होत नाही. ३० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ गवताच्या थरासकट खरवडून काढा आणि मधोमध ९ सेंटिमीटरच्या कुंडीतलं रोप लावा. खत अजिबात नको. खत घातलं की गवत माजतं आणि प्रॅटेन्स लांबुडकं होऊन आडवं पडतं. गवत फारच दाट असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबरात जमीन दाताळ्याने निम्मी उघडी करून त्याच वर्षीचं यलो रॅटलचं बी चौरस मीटरला अर्धा ते एक ग्रॅम टाका. ते गवताच्या मुळांतून रस ओढतं आणि गवताचा जोर मोडतं.

कापणी जुलैअखेर ते ऑगस्ट, बोंडांच्या चोची तपकिरी होऊन बी उडून गेल्यावर. हे बी गोफणीतून सुटल्यासारखं दूर फेकलं जातं. साठवायचं असेल तर चोच तपकिरी पडू लागताच कागदी पिशवी बांधा. कापलेलं गवत चारेक दिवस तिथेच वाळू द्या, राहिलेलं बी झडेल, मग सगळं उचला. न उचलता कुजू दिलंत तर तुम्ही हाताने खतच घातलंत.

वाफ्यातल्या प्रॅटेन्स, फीयम आणि हिमालयेन्स या जातींची गोष्ट वेगळी. पहिला बहर ओसरला की, बहुतेक जूनअखेरीस, पानांसकट जमिनीपासून ५ सेंटिमीटरवर कापा. हो, पानांसकट. कोरड्या जुलैत जुन्या पानांवर भुरी येते, देठ चहूकडे पडून गड्डा मधून उघडा पडतो आणि शेजारची झाडं दबतात. पाऊस नसेल तर गड्ड्याला बादलीभर पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत स्वच्छ नवी पानं आणि पुढे थोडी फुलंही येतात. मॅक्रोरायझम असं कापू नका, फक्त वाळलेले तुरे काढा.

कीटकांची काळजी मलाही आहे. सिल्वॅटिकमच्या पाकळीच्या तळाशी बारीक केस पाहूनच १७८७मध्ये श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाला शंका आली की हे पावसापासून मध राखायला असावेत, तेही कीटकांसाठी. त्यातून १७९३चा त्याचा फुलांवरचा ग्रंथ झाला. तेव्हा एकदम सगळं कापू नका: निम्मे गड्डे आज, निम्मे तीन आठवड्यांनी, आणि गवताची एक पट्टी दरवर्षी जागा बदलून न कापता ठेवा. इतकं सांगूनही आमचा दुसरा पक्ष मानत नाही. त्यांच्या बागेत यंदाही ब्रॅम्बल आहे.

'रोझान' तुम्हाला प्रत्येक दुकानात दिसेल. सॉमरसेटच्या एका बागेत सापडलेला हिमालयेन्स आणि वॉलिशियानम या दोन हिमालयी जातींचा संकर. आरएचएसने (ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने) २०१३मध्ये शतकातलं रोप म्हणून गौरवलेला. जूनपासून थंडी पडेपर्यंत फुलतो, बी धरत नाही. चांगला आहे, पण कोरड्या सावलीत नको, आणि गड्डा फोडून वाढवणं अवघड. हिवाळ्यात जमिनीवर काही उरत नाही. मेलं समजून लोक त्याच्यावरच ट्यूलिप खणतात, म्हणून काठी रोवून ठेवा.

पानांना भोकं दिसली तर बहुधा सॉफ्लायच्या अळ्या, दुर्लक्ष करा. कुंडीतलं रोप अचानक सुकलं आणि ओढताच मुळांविना हातात आलं तर व्हाइन वीव्हिलच्या पांढऱ्या अळ्या. त्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात अळ्या मारणाऱ्या सूत्रकृमींचं पाणी द्या.

हे पुण्यात बसून वाचत असाल तर यातलं काही लावू नका, यांना खरी थंडी लागते. महाराष्ट्रात तेलासाठी जिरेनियमची शेती होते ती दक्षिण आफ्रिकेच्या पेलार्गोनियमची, तिला इथलं काहीही लागू नाही.

अंतर राहिलंच: मॅक्रोरायझम ३० ते ४० सेंटिमीटर, फीयम ४५, प्रॅटेन्स ५० ते ६०, रोझान ७५. सप्टेंबरअखेर लावा. मार्चवर ढकललंत तर पहिल्या उन्हाळ्यात, पाऊस नसेल तेव्हा, आठवड्यातून एकदा पाणी घालायला लागेल.